अरुंदमापी आगगाडी : परिसर-अभ्यासाचा एक विषय



'वाहतुकीची साधने' हा पाठ शिकविताना आगगाडीचे चित्र दाखवून पुढे जाण्याचा आपला परिपाठ आहे. परंतु माढा, बार्शी, पंढरपूर व सांगोला या तालुक्यांतील पुष्कळ गावांच्या शिवारातून एके काळी 'बार्शी लाईट' या नावाने लोकांच्या तोंडी बसलेली छोटी आगगाडी धावत असे. आज वर्गात बसणाऱ्या मुलांनी ती पाहिलेली नाही. ज्यांनी तिच्यातून प्रवास केला, ती पिढी वृद्ध होत चालली आहे. या एका विषयात भूगोल, इतिहास, गणित व विज्ञान ही चारही अंगे सहज एकत्र येतात. म्हणून तो कसा समजून घ्यावा व मुलांपुढे कसा मांडावा, याचा विचार येथे केला आहे.

माप म्हणजे काय?

दोन रुळांच्या आतील कडांमधील अंतरास रेल्वेचे माप किंवा गेज म्हणतात. भारतात रुंदमापी मार्गाचे माप १,६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट आहे. मीटरमापी मार्गाचे माप नावाप्रमाणे १,००० मिलिमीटर आहे. त्याहून लहान ते अरुंदमापी. त्यातही दोन प्रकार आपल्याकडे रूढ झाले : ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट, आणि ६१० मिलिमीटर, म्हणजे दोन फूट. बार्शी लाईट पहिल्या प्रकारची होती. नेरळ-माथेरानची गाडी दुसऱ्या प्रकारची आहे. शाळेच्या पटांगणात चुन्याने ही चारही मापे आखून मुलांना त्या रेघांमध्ये उभे करावे. आकडा पाठ करविण्यापेक्षा पायांखालचे अंतर मुलांच्या अधिक ध्यानी राहते.

वळणाचे गणित

अरुंद मापाचा मोठा गुण म्हणजे ते थोड्या जागेत वळू शकते. याचे कारण गणिताने दाखविता येते. गाडीने एक पूर्ण फेरा घेतला, तर बाहेरचा रूळ आतल्या रुळापेक्षा किती लांब असेल? दोन्ही वर्तुळांच्या परिघांतील फरक म्हणजे मापाची दुप्पट गुणिले २२/७. हा फरक रुंद मापासाठी सुमारे १०.५ मीटर, तर ७६२ मिलिमीटर मापासाठी सुमारे ४.८ मीटर येतो. वर्तुळ लहान असो वा मोठे, फरक तेवढाच राहतो, ही गोष्ट मुलांकडून स्वतः पडताळून घ्यावी. मात्र लहान वर्तुळात तोच फरक थोडक्या अंतरात भरून काढावा लागतो.

आगगाडीची दोन चाके एकाच आसावर पक्की बसविलेली असतात. एक चाक भराभर व दुसरे सावकाश असे ती फिरू शकत नाहीत. यासाठी चाकाची धाव किंचित निमुळती करतात. वळणावर जोडी थोडी बाहेर सरकते. त्यामुळे बाहेरचे चाक आपल्या जाड भागावर व आतले चाक बारीक भागावर चालते. परंतु या युक्तीस मर्यादा आहे. ज्या मार्गावर भरून काढावयाचा फरकच कमी, तेथे वळण अधिक तीव्र ठेवता येते. शिवाय छोट्या गाड्यांची चाके एकमेकांजवळ असल्यामुळे त्यांना वळणे सुलभ जाते. माथेरानचा डोंगर चढण्यासाठी हेच माप का घेतले, ते यावरून कळेल. १९०७ साली सुरू झालेल्या त्या मार्गावर काही ठिकाणी वीस मीटर पुढे जाताना एक मीटर वर चढावे लागते, आणि मार्ग डोंगराच्या अंगाने सारखा वळसे घेत जातो.

दोन सारखे कागदी पेले तोंडाशी तोंड लावून चिकटवावेत. दोन काठ्या समांतर व थोड्या उतरत्या ठेवून त्यांवरून ही जोडी सोडावी. ती डगमगली तरी पुन्हा मध्यावर येते. नंतर दुसरी जोडी बुडाशी बूड लावून करावी व सोडावी. ती घसरून पडते. आगगाडीचे चाक आतल्या बाजूस जाड व बाहेरच्या बाजूस बारीक का असते, हे यानंतर मुले आपण होऊन सांगतील.

हलकी रेल्वे

मोठी रेल्वे बार्शी शहरात गेली नव्हती. ज्या स्थानकास 'बार्शी रोड' म्हणत, ते म्हणजे आजची कुर्डुवाडी. तेथून बार्शी सुमारे २१ मैल. हे अंतर जोडण्यासाठी एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९५ साली लंडनमध्ये कंपनी उभी केली व १८९७ साली मार्ग सुरू झाला. पुढे १९०६ साली तो पंढरपुरास, १९११ साली लातुरास आणि १९२७ साली मिरजेस पोहोचला. एकंदर लांबी २०२ मैल, म्हणजे सुमारे ३२५ किलोमीटर झाली.

कॅलथ्रॉपचा विचार असा होता की, रूळ केवळ अरुंद करून भागत नाही. प्रत्येक आसावर पडणारा भार ठरवून घ्यावा. त्याने तो ५ टन ठरविला. इंजिन असो, प्रवाशांचा डबा असो वा मालाची वाघीण असो, कोणत्याही आसावर याहून अधिक भार येऊ द्यावयाचा नाही. म्हणून इंजिनास अधिक आस देऊन वजन विभागले. सहा आसांचे इंजिन ३० टनांपर्यंत जाऊ शकले. वाघिणींनाही चार आस दिले, म्हणजे मालासह २० टनांची मर्यादा आली. भार हलका असल्यामुळे दर यार्डास केवळ ३० पौंड वजनाचा, म्हणजे मीटरला सुमारे १५ किलोग्रॅमचा रूळ पुरला. आजच्या रुंदमापी मार्गावरील रूळ मीटरला ५२ किंवा ६० किलोग्रॅमचे असतात. रूळ हलके झाले की पूल, भराव व खोदाई या सर्वांचाच खर्च उतरतो. जेथे मोठ्या रेल्वेचा खर्च कधीच भरून निघाला नसता, तेथे गाडी आली ती या काटकसरीमुळे.

कुर्डुवाडीची अडचण

परंतु या काटकसरीची किंमत दुसरीकडे द्यावी लागे. लातूरचा माल मुंबईस जावयाचा, तर कुर्डुवाडीस छोट्या वाघिणीतून उतरवून मोठ्या वाघिणीत भरावा लागे, कारण एका मापाची गाडी दुसऱ्या मापावर जाऊ शकत नाही. हमाली, वेळ, पोती फाटणे व माल सांडणे हे सर्व त्यात आले. मुंबईहून आषाढीस निघालेल्या वारकऱ्यासही तेथेच गाडी बदलावी लागे. मार्ग बांधताना एकदा वाचलेला पैसा अशा रीतीने पुढे दर खेपेस थोडाथोडा खर्च होत राहतो. वाहतूक थोडी आहे तोवर हा व्यवहार फायद्याचा ठरतो. ती वाढली की तोट्याकडे झुकतो.

१९५४ साली सरकारने हा मार्ग कंपनीकडून विकत घेऊन मध्य रेल्वेत सामील केला. सन २००० नंतरच्या दशकात टप्प्याटप्प्याने त्याचे रुंदमापात रूपांतर झाले. हे करताना काही भागात जुनी वाट सोडून नवा मार्ग धाराशिव शहराजवळून नेण्यात आला. विदर्भात मूर्तिजापूरहून यवतमाळ व अचलपूर येथे जाणारी 'शकुंतला' ही अशीच अडीच फुटी गाडी. कापसाच्या मुलखातील त्या मार्गावर १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन होते. अलीकडे तिचीही वाहतूक थांबली.

लातूरची पाणीगाडी

रूपांतराने काय साधले, याचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर घडले आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातुरास पिण्याच्या पाण्याचे दुर्भिक्ष झाले, तेव्हा मिरजेहून आगगाडीने पाणी नेण्यात आले. पहिल्या खेपेस १० टाक्यांतून सुमारे ५ लाख लिटर पाणी पोहोचले. पुढे ५० टाक्यांच्या गाड्या धावल्या. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर ही वाट मूळच्या बार्शी लाईटचीच.

आता हे गणित मुलांस घालावे. एका टाकीत सुमारे ५० हजार लिटर पाणी, म्हणजे सुमारे ५० टन. टाकीला आस चार. टाकीचे स्वतःचे वजन सोडून, केवळ पाण्याचा भार प्रत्येक आसावर किती? उत्तर साडेबारा टन. आणि कॅलथ्रॉपची मर्यादा ५ टन. जुन्या रुळांवरून ही गाडी जाऊच शकली नसती.

मात्र येथे एक सावधगिरी बाळगावी. यावरून छोटी गाडी निरुपयोगी होती, असा निष्कर्ष मुलांनी काढू नये. ती वाट प्रथम आखली गेली, तिच्याभोवती बाजारपेठा व स्थानके उभी राहिली, म्हणूनच पुढे रुंद रुळांस तयार दिशा मिळाली. साधनाचे मोल त्या काळची गरज व ऐपत पाहून ठरवावे, ही दृष्टी मुलांना लाभली तर या पाठाचे सार्थक झाले.

शाळेने काय करावे?

१. गावातील वृद्धांना शाळेत बोलावून गाडीच्या आठवणी मुलांकडून लिहून घ्याव्यात : भाडे, वेळ, गर्दी, कोणता माल जाई, गाडी चुकली तर काय करीत. सांगणाऱ्याचे नाव, वय व तारीख नोंदवावी. हे काम पुढील वर्षावर टाकू नये. माणसे थांबत नाहीत.

२. जुना भराव, मोरी, पडके स्थानक किंवा विहीर शिवारात असल्यास तिचा नकाशा काढावा. सोडून दिलेल्या वाटेवरच सहल न्यावी; चालू रुळांजवळ मुलांना कदापि नेऊ नये.

३. गावाचा माल पूर्वी कोणत्या वाटेने बाजारास जाई व आज कोणत्या वाटेने जातो, याचा तक्ता वर्गात लावावा.

४. अशा नोंदींची एक वही शाळेच्या दप्तरात कायम ठेवावी. शिक्षकाची बदली होते. वही शाळेतच राहते.

रूळ उखडले गेले, गाड्या मोडीत निघाल्या; त्यांची माहिती आता बरीचशी माणसांच्या आठवणीतच उरली आहे. गावात ती विचारून, पडताळून लिहून ठेवू शकेल अशी पहिली संस्था म्हणजे प्राथमिक शाळा. आपण हे काम हाती घ्याल, असा विश्वास वाटतो.