उतारवयातील पचन : दोष वयाचा किती, औषधांचा किती?

साठी ओलांडलेल्या माणसाने पोटाची तक्रार सांगितली की घरातून, शेजारातून आणि पुष्कळदा दवाखान्यातूनही 'आता वय झाले, असे व्हायचेच' हे उत्तर मिळते. पचनसंस्थेपुरते बोलायचे तर ते बहुतेक वेळा चुकीचे असते. मूत्रपिंडे, फुप्फुसे आणि स्नायू यांची क्षमता वयाबरोबर मोजता येईल इतकी घटत जाते, आतड्यांची तशी घटत नाही. लहान आतड्याच्या अस्तराच्या पेशी दर ३ ते ५ दिवसांनी झडून त्यांच्या जागी नव्या येतात आणि हे काम उतारवयातही थांबत नाही; शिवाय शोषणासाठी उपलब्ध असलेला या आतड्याचा पृष्ठभाग गरजेपेक्षा कितीतरी मोठा असतो. त्यामुळे निरोगी वृद्धाच्या शरीरात पिष्टमय पदार्थ, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ यांचे पचन तरुणाच्या तुलनेत फारसे उणे पडत नाही. तरीही बद्धकोष्ठ, आम्लपित्त, पोटफुगी आणि अन्नावरची वासना उडणे या तक्रारी या वयात वाढतात, हे खरेच आहे. त्यांची कारणे आतड्यांत कमी आणि त्यांच्या अवतीभवती अधिक सापडतात : दात, पाणी, हालचाल, इतर आजार आणि सर्वांत जास्त करून रोजच्या गोळ्या.

बद्धकोष्ठाची सुरुवात पुष्कळदा तोंडातच होते. दात पडले किंवा कवळी सैल झाली की चावावे लागणारे पदार्थ ताटातून एकेक करून नाहीसे होतात. ज्वारीची भाकरी, कोशिंबीर, पेरू, मोड आलेली उसळ यांच्या जागी दूधपोळी, मऊ भात आणि चहात बुडवलेली बिस्किटे येतात. आहार पोटाला हलका झाला असे सर्वांना वाटते, पण त्यातील चोथा, म्हणजे आतड्यात न पचता पुढे सरकणारा वनस्पतिजन्य तंतुमय भाग, जवळजवळ संपलेला असतो. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम तंतुमय पदार्थ लागतात आणि बिस्किटे व मऊ भात यांतून त्याचा लहानसा अंशच मिळतो. अशा वेळी पोटाच्या डॉक्टरांआधी दातांच्या डॉक्टरांकडे जाणे अधिक शहाणपणाचे ठरते, मात्र हा सल्ला क्वचितच कोणी देतो.

गिळण्याची क्रिया वयाबरोबर थोडी संथ होते, एवढ्याने आजार होत नाही. परंतु पक्षाघात किंवा कंपवात झालेल्या व्यक्तीला पाणी पिताना वारंवार ठसका लागत असेल, तर घास किंवा घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरत असल्याची ती खूण असते आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. पुष्कळांना हे उलटे वाटते, पण अशा रुग्णाला घट्ट पेजेपेक्षा पातळ पाणी गिळणे अवघड जाते, कारण पातळ द्रव घशात वेगाने घसरतो आणि श्वासनलिकेचे झाकण वेळेवर मिटत नाही. रुग्णाला ताठ बसवून, लहान घासांनी आणि घाई न करता भरवणे, आणि गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या वाचोपचारतज्ज्ञाची मदत घेणे, हा यावरचा मुख्य उपचार होय.

जठराविषयीचा सर्वांत पक्का समज असा की म्हातारपणी आम्ल आपोआप कमी होते. प्रत्यक्षात केवळ वयामुळे ते फारसे कमी होत नाही. जठराच्या अस्तराला अनेक वर्षे सूज राहून ते झिजले, तर मात्र कमी होते, आणि या झिजेमागे बहुधा हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू असतो. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ साली हा जिवाणू वेगळा काढला. जठरातील व्रण तिखटामुळे आणि काळजीमुळे होतात या समजाला त्यामुळे धक्का बसला, आणि तरीही वैद्यकविश्व मानेना म्हणून मार्शल यांनी १९८४ मध्ये स्वतःच त्या जिवाणूचे द्रावण पिऊन जठरदाह ओढवून घेतला. दोघांना २००५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज हा जिवाणू श्वासाच्या किंवा विष्ठेच्या चाचणीतून ओळखता येतो आणि साधारण १४ दिवसांच्या औषधोपचाराने नष्ट करता येतो.

अस्तर झिजलेल्या जठरात ब१२ जीवनसत्त्व अन्नातून नीट सुटे होत नाही, कारण त्यासाठी आम्ल आणि जठरातील पाचक रस दोन्ही लागतात. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसते. त्यामुळे केवळ दूध-ताकावर भिस्त असलेल्या शाकाहारी वृद्धांना दुहेरी फटका बसतो. पायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे, विसरभोळेपणा वाढणे ही त्याची लक्षणे असून तीही वयाच्या खात्यावर जमा होतात. एक साधी रक्ततपासणी आणि नंतर गोळ्या किंवा इंजेक्शने एवढ्यावर भागणारा हा प्रश्न आहे, मात्र उशीर झाला तर मज्जातंतूंची हानी पूर्णपणे भरून निघत नाही.

आता गोळ्यांच्या डब्याकडे वळावे. सत्तरीच्या घरातील, रक्तदाब आणि मधुमेह असलेल्या एखाद्या व्यक्तीच्या डब्यात रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन, साखरेसाठी मेटफॉर्मिन, हृदयासाठी अ‍ॅस्पिरिनची लहान मात्रा, हाडांसाठी कॅल्शियम, रक्त वाढवण्यासाठी लोह, गुडघ्यांसाठी लागेल तशी घ्यायची वेदनाशामक गोळी आणि या सर्वांचा त्रास होऊ नये म्हणून सकाळची 'गॅसची गोळी' असा संच सापडला तर नवल नाही. यातील प्रत्येक गोळीला कारण असते आणि प्रत्येक गोळी पचनमार्गावर काही ना काही परिणाम करते. अ‍ॅम्लोडिपिन रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल करते, पण अन्ननलिकेच्या तळाशी असलेली झडपही थोडी सैल करते आणि जळजळ वाढवते. तिने पावलांना सूज येते, त्या सूजेसाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू होते, शरीरातील पाणी कमी होते, शौचाला खडा होतो आणि शेवटी रेचकाची भर पडते. एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजून त्यावर दुसरे औषध देण्याच्या या साखळीत अनेक वृद्ध नकळत अडकलेले असतात. लोह आणि कॅल्शियम दोन्ही मलावरोध करतात, तर मेटफॉर्मिन काहींना जुलाब करते आणि दीर्घकाळात ब१२ आणखी कमी करते.

सर्वांत घातक ठरते ती वेदनाशामक गोळी. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधे शरीरात प्रोस्टाग्लॅंडिन नावाची द्रव्ये तयार होऊ देत नाहीत, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले. हीच द्रव्ये सांध्यात वेदना आणि सूज निर्माण करतात आणि हीच जठरात अस्तरावरचा संरक्षक थर टिकवून धरतात. त्यामुळे गुडघ्याला आराम देणारी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन ही गोळी जठराचे कवच उतरवत असते. अ‍ॅस्पिरिन चालू असताना अशी दुसरी गोळी घेतली की रक्तस्रावाचा धोका आणखी वाढतो. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारी ही गोळी वृद्ध मंडळी 'औषध' या सदरात धरतच नाहीत आणि डॉक्टरांनी विचारले तरी तिचे नाव सांगत नाहीत. गुडघेदुखीसाठी पॅरासिटामॉल, वेदनाशामक मलम आणि मांडीच्या स्नायूंचा व्यायाम हे तुलनेने सुरक्षित मार्ग आहेत.

'गॅसची गोळी' म्हणून ओळखली जाणारी ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल ही औषधे जठरातील आम्ल बनवणारा पंपच बंद करतात आणि त्यांचा वायूशी फारसा संबंध नाही. ती न्याहारीपूर्वी सुमारे अर्धा तास घ्यावी लागतात, कारण पंप चालू होण्याच्या वेळी औषध रक्तात असावे लागते. जेवणानंतर घेतलेली गोळी बरीचशी वाया जाते. अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या किंवा पूर्वी व्रण होऊन गेलेल्या वृद्धाला ही गोळी जीवरक्षक ठरते, म्हणून ती परस्पर बंद करू नये. परंतु एकदा कधीतरी जळजळ झाली म्हणून सुरू केलेली गोळी दहा वर्षे तशीच चालू ठेवण्यात शहाणपण नाही, कारण दीर्घकाळात ब१२ आणि मॅग्नेशियम कमी होणे, आतड्यांचे जंतुसंसर्ग आणि हाडे मोडण्याचा धोका यांच्याशी तिचा संबंध दिसून आला आहे. ती एकदम थांबवली तर काही दिवस आम्ल उसळून येते आणि रुग्णाला गोळीवाचून चालणारच नाही असे वाटू लागते. मात्रा हळूहळू कमी केली की हा त्रास टळतो.

बद्धकोष्ठ म्हणजे रोज शौचास न होणे, हा समज जुन्या पिढीत फार रुजलेला आहे. वैद्यकाच्या दृष्टीने आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचास होणे, फार जोर करावा लागणे, खडा होणे किंवा पोट साफ न झाल्याची भावना राहणे या गोष्टी महत्त्वाच्या आहेत. एक दिवसाआड विनात्रास होत असेल तर तो आजार नव्हे. मोठ्या आतड्याच्या भिंतीतील मज्जापेशी वयाबरोबर काही प्रमाणात कमी होतात आणि मल पुढे ढकलणाऱ्या लहरी मंदावतात, हे या तक्रारीतले वयाचे खरे योगदान. कंपवातात तर हा त्रास हात थरथरू लागण्याच्या कित्येक वर्षे आधी सुरू होऊ शकतो. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या रोगाचे पहिले सविस्तर वर्णन लिहिले, त्यातही आतड्यांच्या मंदपणाची नोंद आहे. वाग्भटाने वार्धक्य हा वाताच्या प्राबल्याचा काळ सांगितला आहे आणि एरंडेल व हिरड्याचा मान आयुर्वेदात मोठा आहे. तथापि बाजारात 'पोट साफ' करणारी म्हणून मिळणारी बहुसंख्य चूर्णे सोनामुखीवर चालतात. हे आतड्याला चेतवणारे रेचक आहे, आणि त्याची मात्रा व मुदत डॉक्टरांनी किंवा वैद्यांनी ठरवावी, जाहिरातीने नव्हे.

उपचाराचा क्रम साधा असतो, पण त्यातील बारकावे दुर्लक्षिले जातात. सकाळी काही खाल्ल्यावर जठर ताणले जाते आणि त्याचा संदेश मोठ्या आतड्याला मिळून लहरी वाढतात, म्हणून न्याहारी किंवा चहानंतरची वीस-पंचवीस मिनिटे हीच शौचाला बसण्याची योग्य वेळ असते. उकिडवे बसल्यावर मलाशयाला मागून आवळून धरणारा स्नायू सैल पडतो आणि मार्ग सरळ होतो. गुडघेदुखीमुळे कमोड वापरणाऱ्यांना हा फायदा मिळत नाही, परंतु पायांखाली वीतभर उंचीचा पाट घेऊन, किंचित पुढे वाकून बसले तर तो बराचसा परत मिळवता येतो. पाट घसरणार नाही आणि उठताना धरायला भिंतीत दांडा असेल, हे मात्र आधी पाहावे, कारण मोडलेला खुबा बद्धकोष्ठापेक्षा फार महाग पडतो.

इसबगोल हे उत्तम औषध आहे, कारण त्याची साल पाणी शोषून फुगते आणि मल मऊ करते; पण पुरेशा पाण्याशिवाय घेतले तर तेच घशात किंवा आतड्यात गोळा होऊन अडथळा आणू शकते. वयाबरोबर तहानेची जाणीव बोथट होते, शिवाय रात्री लघवीला उठावे लागते म्हणून अनेक वृद्ध संध्याकाळनंतर पाणीच टाळतात. दिवसभरातले बहुतांश पाणी, ताक आणि सार दुपारपर्यंत पोटात गेले तर ही अडचण सुटते. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा घातली असेल, तर प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला चोथा वाढवून देणे उलट त्रासाचे होते. त्याला लॅक्टुलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल यांसारखी पाणी धरून ठेवणारी औषधे अधिक मानवतात. अशा रुग्णाला कित्येक दिवसांच्या बद्धकोष्ठानंतर अचानक पातळ शौच गळू लागले, तर पुष्कळदा ते जुलाब नसतात : मलाशयात कठीण मलाचा गोळा अडकून त्याच्या कडेने पातळ भाग झिरपत असतो, आणि जुलाब समजून दिलेली थांबवणारी गोळी परिस्थिती आणखी बिघडवते.

खऱ्या जुलाबांत मात्र वृद्धाचे शरीर तरुणापेक्षा फार लवकर कोरडे पडते. दिलीप महालनोबीस यांनी १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याविरुद्ध वापरलेले मीठ-साखर-पाण्याचे द्रावण, म्हणजेच आजचे ओआरएस, या वयातही पहिले औषध आहे. लघवी वाढवणाऱ्या आणि मधुमेहाच्या काही गोळ्या त्या दिवसांत तात्पुरत्या थांबवाव्या लागतात, हे डॉक्टरांना आठवणीने विचारावे.

या साऱ्याहून गंभीर बाब अशी की उतारवयात पोटातील मोठा आजार गाजावाजा न करता येतो. जठरव्रण अजिबात न दुखता एकदम रक्तस्रावाने प्रकट होऊ शकतो. अपेंडिक्स फुटले तरी ताप आणि पोटाचा ताठरपणा नसू शकतो. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या व्यक्तीच्या पोटात अचानक असह्य कळ उठली आणि हाताने दाबल्यावर मात्र पोट मऊच लागले, तर आतड्याचा रक्तपुरवठा गुठळीने बंद झाल्याची शंका घ्यावी लागते, आणि तेथे तासांचाही उशीर परवडत नाही. हृदयविकाराचा झटका स्वतः 'गॅस' बनून येतो, विशेषतः मधुमेही व्यक्तीत. घाम, धाप किंवा जबड्यापर्यंत जाणारी अस्वस्थता यांसह आलेली पोटाच्या वरच्या भागातील जळजळ सोडा पिऊन पाहण्याची नसते, तेथे ताबडतोब ईसीजी काढावा लागतो.

डांबरासारखे काळे, चिकट आणि उग्र वासाचे शौच होणे, कारण नसताना वजन घटणे, घास अडकणे आणि शौचाच्या सवयीत अलीकडे झालेला बदल ही चिन्हे दिसली तर एंडोस्कोपी किंवा कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने अन्नमार्गाची तपासणी, टाळू नये. लोहाच्या गोळीनेही शौच काळपट होते, पण ते चिकट नसते. मोठ्या आतड्याच्या उजव्या भागातील कर्करोग पुष्कळदा पोट न दुखवता केवळ थेंब थेंब रक्त गमावत राहतो आणि थकवा हेच त्याचे पहिले लक्षण असते. म्हणून साठीनंतर लोहाच्या कमतरतेने रक्तक्षय झालेला आढळला, तर लोहाची गोळी सुरू करण्याबरोबरच रक्त कोठून जात आहे याचा शोध डॉक्टरांकडून करून घ्यावा.