आतून बाहेर: युरॅलिक भाषांतील विभक्तींविषयीचे गैरसमज

फिनिश भाषेत ‘तालो’ म्हणजे घर, ‘तालोस्सा’ म्हणजे घरात आणि ‘तालोस्ता’ म्हणजे घरातून. ‘-स्ता’ प्रत्ययाच्या या विभक्तीला व्याकरणात एलाटिव्ह म्हणतात. फिनलंड-हंगेरीपासून सायबेरियापर्यंत पसरलेल्या युरॅलिक भाषांपैकी अनेकींत अशी विभक्ती आहे. मात्र तिच्याविषयीच्या बऱ्याच समजुती एकट्या फिनिशवरून बांधलेल्या असतात, आणि म्हणूनच त्या फसतात.

पहिला गैरसमज असा, की ‘-हून’चा अर्थ दाखवायला एकच विभक्ती पुरते. फिनिशमध्ये पेटीतून काढलेल्या वस्तूसाठी ‘-स्ता’ आणि टेबलावरून उचललेल्या वस्तूसाठी ‘-ल्ता’ लागतो. हंगेरियन आणखी बारकाईने वागते. तिच्यात ‘हाझबोल’ म्हणजे घरातून, ‘ऑस्तॉलरोल’ म्हणजे टेबलावरून आणि ‘फातोल’ म्हणजे झाडापासून. मराठीतल्या ‘-तून’, ‘-वरून’ आणि ‘-पासून’ यांच्याशी ही तीन रूपे नेमकी जुळतात. गावांच्या नावांना मात्र हे तर्कशास्त्र लागू पडत नाही. लंडनहून येणारा हंगेरियन माणूस ‘आतून’चा प्रत्यय वापरतो, तर बुडापेस्टहून येणारा ‘वरून’चा. परदेशी शहरांना पहिला आणि हंगेरीतल्या बहुतेक गावांना दुसरा, अशी रूढी आहे. तिलाही अपवाद आहेतच: डेब्रेत्सेन हे हंगेरीतले मोठे शहर, पण त्याला ‘आतून’चाच प्रत्यय लागतो.

या विभक्तीला प्रत्यक्ष हालचाल लागते, हा दुसरा समज. फिनिशमध्ये एखाद्या विषयाबद्दल बोलायचे, तर त्या विषयाला ‘-स्ता’ लागतो. वस्तू ज्या लाकडापासून बनते, त्या लाकडालाही तोच. एखादी व्यक्ती आवडते हे सांगताना त्या व्यक्तीच्या नावालाही एलाटिव्हच हवी. ‘मिनुस्ता’चा शब्दशः अर्थ ‘माझ्यातून’, पण रोजच्या बोलण्यात तो ‘माझ्या मते’ असा होतो. किल्ली खणात सापडली, तर फिनिश माणूस ती खणातून सापडली असे म्हणतो, मग ती अजून खणातच पडलेली का असेना. हंगेरियनमध्ये ‘विषयी’चा अर्थ ‘आतून’च्या नव्हे, तर ‘वरून’च्या विभक्तीकडे गेला आहे.

तिसरा समज जास्त चिवट आहे: हे सगळे प्रत्यय एकाच आदिभाषेतून जसेच्या तसे आले. मूळ युरॅलिक भाषेत अपादानाचा एक साधा ‘-ता’ प्रत्यय होता, असे अभ्यासक मानतात. फिनिशचा ‘-स्ता’ म्हणजे आतली जागा दाखवणारा ‘-स-’ आणि हा जुना ‘-ता’ यांची जोडणी आहे. मराठीच्या ‘घरातून’मध्येही ‘-त’वर ‘-ऊन’ असाच चढला आहे. एर्झ्या भाषेतले ‘कुदोस्तो’ (घरातून) आणि दक्षिण सामीचा ‘-स्ते’ ही याच जोडणीची भावंडे. हंगेरियनचा ‘-बोल’ मात्र त्या कुळातला नाही. ‘बेल’ म्हणजे आतडे किंवा आतला भाग. या नामापासून झालेला स्वतंत्र शब्द झिजत झिजत प्रत्यय बनला. अशा झिजेचा लेखी पुरावा 1055 सालच्या तिहान्य मठाच्या सनदेत मिळतो. तिथल्या हंगेरियन तुकड्यात ‘-वर’ या अर्थी ‘रेआ’ असा शब्द येतो, आणि आज त्याचाच ‘-रा/-रे’ प्रत्यय झाला आहे.

प्रत्येक युरॅलिक भाषेत एलाटिव्ह असतेच, हाही गैरसमज. उत्तर सामीत ‘-त’ आणि ‘-तून’ एकाच रूपात मिसळून गेले. ‘रोम्सस’ म्हणजे ट्रॉम्सो शहरात आणि ट्रॉम्सोहून, दोन्ही. राहतो की येतो, हे क्रियापद सांगते. रशियाच्या वायव्येकडील वेप्स भाषेतही झिजेमुळे ही दोन रूपे सारखी झाली होती, पण तिने ‘पॅइ’ हा शब्द जोडून ‘-स्पॅइ’ असा नवा प्रत्यय घडवला आणि फरक परत मिळवला. दोन भाषांवर एकच आपत्ती आली आणि दोघींनी वेगळे मार्ग धरले, हे या कुलाच्या अभ्यासातले फार मोलाचे उदाहरण आहे. नेनेट्समध्ये ‘आतून’ आणि ‘पासून’ यांना मिळून एकच अपादान विभक्ती आहे. व्होल्गाकाठच्या मारी भाषेत तर त्यासाठी विभक्तीच नाही: ‘ओला’ म्हणजे शहर, आणि शहरातून म्हणायला त्यापुढे ‘गच’ हे शब्दयोगी अव्यय सुटे ठेवले जाते.