डहाणू-तलासरीकडील विशेषनामें : वारनांवांची मोड

जुन्या कागदांत राजकारण शोधणारांचें लक्ष तारखेकडे, शिक्क्याकडे व मायन्याकडे असतें. साक्षीदारांचीं नांवें बहुधा वाचून सोडून दिलीं जातात. वास्तविक कोणत्या काळीं, कोणत्या लोकांत मुलास काय नांव ठेवीत हें कळल्यास पुष्कळ कागदांचा काळ व ठिकाण ठरविण्यास साह्य होतें. विषय विस्तृत असल्यामुळें येथें एका लहान मुलुखापुरताच विचार केला आहे. तो मुलूख म्हणजे झरी व तिच्या आसपासचा डहाणू-तलासरीचा वारली टापू. तेथील नांवें ठेवण्याची जुनी रीत आमच्या डोळ्यांदेखत मोडत आहे, आणि तिची नोंद नीट न राहिल्यास अभ्यासकांचेंच नव्हे, तर तेथील रहिवाशांचेंहि प्रत्यक्ष नुकसान होण्यासारखें आहे.

झरी हें गांव आज पालघर जिल्ह्यांत, तलासरी तालुक्यांत मोडतें. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाण्यापासून वेगळा झाला. १९६० पूर्वीं हा भाग ठाणें जिल्ह्याच्या उंबरगांव तालुक्यांत असे. दोन राज्यें झालीं तेव्हां उंबरगांवचा बहुतेक भाग गुजरातेंत गेला व इकडे राहिलेल्या गांवांचा तलासरी विभाग झाला. त्यामुळें झरीचे जुने कागद पाहूं इच्छिणारानें उंबरगांवचीं दप्तरें विसरतां कामा नये. मे १९४५ मध्यें झरीस कांहीं हजार वारल्यांची सभा भरली व वेठबिगार न करण्याचा निश्चय झाला, म्हणून हें गांव प्रसिद्ध आहे. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हां माणूस जागा होतो’ या ग्रंथामुळें तो वृत्तांत मराठी वाचकांस परिचित आहे.

त्या चळवळींतील दोन नांवें घेऊनच आरंभ करूं. टिटवाळ्याच्या १९४५ च्या किसान परिषदेस गेलेले माह्या धांगडा, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत तलवाडा येथील गोळीबारांत पडलेले जेठ्या गांगड. यांपैकीं माह्या हें नांव माह म्हणजे माघ महिन्याकडे बोट दाखवितें. जेठ्या हें ज्येष्ठ महिन्यावरून आलें असेल किंवा थोरला या अर्थानें. दोन्हीं अर्थ संभवतात व नुसत्या नांवावरून निर्णय करतां येत नाहीं. परंतु एवढें खरें कीं, हीं नांवें पुराणांतून किंवा पंचांगांतील अवकहडा चक्रावरून आलेलीं नव्हेत. तीं जन्माच्या वेळेवरून वा घरांतील क्रमावरून आलेलीं आहेत.

वारल्यांत मूल ज्या वारीं जन्मलें त्या वाराचें नांव त्यास देण्याची चाल फार रूढ होती. सोमवारचा तो सोमा किंवा सोम्या, मंगळवारचा मंगळ्या, बुधवारचा बुध्या, शुक्रवारचा सुकऱ्या. मुलगी असल्यास सोमी, मंगळी, बुधी, सुकरी. यांखेरीज नवसानें झालेला तो नवशा, धाकटा तो लहानू किंवा लहान्या, रंगावरून काळ्या, अशीं नांवें आहेतच. ही रीत रानटी आहे असा शेरा मारण्याची कांहीं शहरी लेखकांस संवय होती. आम्हांस तो शेरा अज्ञानाचा वाटतो. आफ्रिकेंत घाना देशाच्या अकान लोकांत हीच पद्धति पूर्ण व्यवस्थेनें चालते : शुक्रवारीं जन्मलेला कोफी, शनिवारीं जन्मलेला क्वामे. त्या देशाचे पहिले अध्यक्ष क्वामे एन्क्रुमा व संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांचीं नांवें जगानें आदरानें घेतलीं. मग आमच्या सोम्यासच हिणवण्याचें कारण काय ?

आतां याच मुलुखांतील हजार-अकराशें वर्षांपूर्वींचीं नांवें पहावीं. डहाणू तालुक्यांतील चिंचणी येथें जे ताम्रपट सांपडले, त्यांपैकीं राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा पट शक ८४८ म्हणजे इ. स. ९२६ चा आहे. त्यांत संयान, म्हणजे झरीच्या शेजारचें संजाण, या मंडळाचा अधिकारी म्हणून ‘मधुमति’ नामक ताजिकाचा उल्लेख आहे. ताजिक म्हणजे अरब. मधुमति हें मुहम्मद या नांवाचें संस्कृत रूप होय, हें विद्वानांस मान्य आहे. चिंचणीच्याच शक ९५६ च्या चामुंडराजाच्या पटांत संयानच्या नागरिकांमध्यें अल्लिय, महर व मधुमत अशीं नांवें येतात. त्यांत अल्लिय म्हणजे अली हें सहज ओळखूं येतें. लेखनिकानें परकें नांव टाकून दिलें नाहीं, बदलून दुसरेंहि ठेवलें नाहीं. आपल्या वर्णमालेंत व आपल्या कानास गोड लागेल असें तें बसवून घेतलें. मधु आणि मति हे दोन शुद्ध संस्कृत शब्द जोडून मुहम्मद उभा करणाऱ्या त्या कारकुनाचें आम्हांस कौतुक वाटतें.

उलट प्रकारहि घडले आहेत. जव्हारच्या मुकणे घराण्याचा मूळ पुरुष जयबा हा आपल्या साध्या देशी नांवानेंच ओळखला जातो. त्याच्या पुत्रास इ. स. १३४३ त दिल्लीच्या सुलतानाकडून राजा हा किताब मिळाल्याची हकीकत आहे, आणि तो नेमशहा झाला. पुढें विक्रमशहा, पतंगशहा अशीं नांवें त्या घराण्यांत चाललीं. सत्ता येतांच नांवाचा पोशाख बदलतो, तो असा.

वारल्यांच्या नांवांचा पोशाख मात्र सत्तेनें नव्हे, शाळेनें बदलला. याचीं उदाहरणें सार्वजनिक जीवनांतील माणसांतच आढळतात, म्हणून तींच देतों. डहाणूनजीक गंजाड येथील वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांस २०११ सालीं पद्मश्री मिळाली. २०१८ सालीं ते वारले. पिता सोमा, स्वतः जिव्या, आणि चित्रकलेचा वारसा चालविणारे पुत्र सदाशिव व बाळू. दुसरें घराणें खासदार चिंतामण वनगा यांचें. त्यांच्या पित्याचें नांव नवशा. २०१९ सालीं विधानसभेवर निवडून आलेल्या पुत्राचें नांव श्रीनिवास. नवशा, चिंतामण, श्रीनिवास या तीन पिढ्यांत नवसाचें घरगुती नांव जाऊन प्रथम गणपतीचें व नंतर विष्णूचें नांव आलें. डहाणूहून १९७७ सालीं लोकसभेवर गेलेले लहानू शिडवा कोम आणि २०१९ व २०२४ सालीं तेथूनच विधानसभेवर गेलेले विनोद भिवा निकोले यांचीं नांवें शेजारीं ठेवलीं तरी हाच पालट दिसतो.

पुढची लाट दूरदर्शन व मोबाइल यांनीं आणली. आरव, विहान, स्वरा, आराध्या हीं मुंबई-पुण्याचीं नांवें आतां पाड्यापाड्यांतून ऐकूं येऊं लागलीं आहेत. यांत निंदा करण्यासारखें कांहीं नाहीं. पेशवाईंतील रामचंद्र, विठ्ठल, महादेव मागें पडून विसाव्या शतकांत अरविंद, शरद, रवींद्र आलेच कीं ! शिवाय जुनें तें सर्व राखावेंच असेंहि आम्ही म्हणत नाहीं. मुलगी नको म्हणून ‘नकुशी’ नांव ठेवण्याची चाल गेली तर बरेंच. २०११ सालीं सातारा जिल्ह्यांत अशा २८५ मुलींस नवीं नांवें देण्यांत आलीं, तें योग्यच झालें. परंतु नकुशी आणि सोमी यांत भेद आहे. पहिल्या नांवांत तिरस्कार आहे, दुसऱ्यांत फक्त वार आहे. मुलीस शाळेंत लाज वाटते म्हणून आईबापांनीं तें टाकलें तर दोष सोमीचा नव्हे, हंसणारांचा.

खरी अडचण निराळीच आहे. आजा घरीं सुकऱ्या, शाळेच्या दाखल्यांत शुक्रा, सातबाऱ्यावर सुक्रया, आणि नातवाच्या अर्जांत शंकर ! जमातीच्या दाखल्याच्या पडताळणींत १९५० पूर्वींच्या कागदांस विशेष वजन आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं १३ डिसेंबर २००५ पूर्वींचा कबजा दाखवावा लागतो. अशा वेळीं हे चौघे एकच पुरुष आहेत कीं नाहींत यावर कुटुंबाची जमीन व मुलांचें शिक्षण लटकून राहतें. त्यांतून जुने कागद मोडींत. मोडींत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, श व स यांची अदलाबदल नित्याची. तेव्हां वाचणाऱ्यास वारनांवांची रीतच ठाऊक नसेल तर तो ‘सुकऱ्या’ चें कांहींहि करील.

सरकारी नोंदीचें वळणहि बदललें आहे. १९६९ च्या जन्ममृत्यु नोंदणी कायद्यांत २०२३ सालीं दुरुस्ती होऊन १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मदाखल्याचें महत्त्व फार वाढलें. महाराष्ट्रांत १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नांवांत बापाच्या नांवापूर्वीं आईचें नांव घालण्याचा निर्णय झाला. हें नवें आहे असें कोणी म्हणतील. नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णि व वासिष्ठीपुत्र पुळुमावि आहेतच. मात्र तेथें गौतमी व वासिष्ठी हीं गोत्रावरून पडलेलीं नांवें असून व्यक्तिनामें नव्हेत, हा फरक ध्यानांत ठेवावा. नव्या नोंदींत सोमी, सुकरी या आयांचीं स्वतःचीं नांवें प्रथमच सरकारी कागदावर मुलाच्या नांवाला लागून येतील.

ज्या संग्राहकांजवळ डहाणू, उंबरगांव, जव्हार या बाजूंचे पाटील-सावकारांचे मोडी कागद, खतें वा वह्या असतील, त्यांनीं सूची करतांना नांव मुळांत जसें आहे तसेंच उतरावें. सुकऱ्याचा शुक्राचार्य करूं नये. संशयाचें वाचन कंसांत वेगळें द्यावें, बापाचें नांव व पाड्याचें नांव कधींहि गाळूं नये, आणि एकाच वहींत एकाच माणसाचीं दोन रूपें आलीं असतील तर दोन्हीं पृष्ठांकासह नोंदवावीं. असा एखादा जोडलेला पुरावा सांपडल्यास त्याची नक्कल त्या गांवच्या ग्रामपंचायतीकडेहि पाठवावी.