बिघाड की रचना?

हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चूक झाली की ताळा बसत नाही आणि सगळं कार्यालय जागं होतं. ध्वनीवर प्रयोग करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय नाही. माणसाच्या आवाजाची फाईल आत घातली आणि बाहेर खरखर आली, तर ती आपण मागितलेली खरखर की फाईल चुकीची वाचली गेल्याची? इथे बरोबर उत्तर आधी कुणालाच ठाऊक नसतं. त्यामुळे बिघाड कधीकधी रचना म्हणून खपून जातो, आणि चांगली रचना बिघाड समजून पुसली जाते.

अशा सॉफ्टवेअरच्या परंपरेत १९८६ हे साल महत्त्वाचं. अमेरिकेत एमआयटीमध्ये बॅरी व्हर्को यांचं ‘सीसाउंड’ आलं. इंग्लंडमध्ये यॉर्कला ट्रेव्हर विशार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कम्पोझर्स डेस्कटॉप प्रोजेक्ट’ म्हणजे सीडीपी सुरू केला. मोठ्या संस्थांच्या संगणकांवरच होणारी कामं अटारी एसटीसारख्या स्वस्त यंत्रावर आणायची, हा त्यामागचा खटाटोप. सीडीपी म्हणजे छोट्या छोट्या प्रोग्रामांचा संच. प्रत्येक प्रोग्राम एक फाईल घेतो आणि दुसरी लिहितो. म्हणून त्याच्या तक्रारीही फाईलच्याच. लिहायच्या फाईलच्या नावाची फाईल आधीच असेल तर तो सहसा तिच्यावर लिहायला नकार देतो. कमांडमध्ये फाईलच्या नावात मोकळी जागा सोडली की एका नावाची दोन होतात. कित्येक प्रोग्राम फक्त मोनो फाईल घेतात. हे बिघाड बरे, कारण निदान स्पष्ट नकार तरी मिळतो.

खरा त्रास असतो तो हेडरचा. फाईलच्या सुरुवातीच्या काही बाइटांत सॅम्पल रेट, बिट आणि चॅनेल किती ते लिहिलेलं असतं, आणि सॉफ्टवेअर आवाजावर नाही, या मजकुरावर विश्वास ठेवतं. ॲपलचं एआयएफएफ १९८८चं; मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएमचं वेव्ह १९९१चं. पहिल्यात आकड्याचा मोठा बाइट आधी, दुसऱ्यात लहान. क्रम उलटा वाचला की १ चे २५६ होतात. मग शांत जागाही फुसफुसायला लागते आणि त्या गोंगाटामागे कधीकधी मूळ बोलणं अंधुक ऐकू येतं. ही खूण लक्षात ठेवावी. नुसता सपाट गोंगाट आला, तर २४ बिटांची फाईल १६ बिटांची समजून वाचली गेल्याचा संशय आधी घ्यावा.

सॅम्पल रेटची चूक यापेक्षा सभ्य, म्हणूनच लबाड. ४४,१०० ची फाईल ४८,००० ने वाजवली की सूर जवळजवळ दीड अर्धस्वराने चढतो. काळी एकमधलं गाणं पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधे कुठेतरी जाऊन बसतं, आणि तासाचं ध्वनिमुद्रण ५५ मिनिटांत आटोपतं. तंबोरा जवळ ठेवणाऱ्याला हे लगेच खटकेल. यंत्राला अजिबात नाही. स्टिरिओ फाईल मोनो म्हणून वाचली तर लांबी दुप्पट आणि सूर एक सप्तक खाली. आवाज ताणण्याच्या प्रयोगात हे हुबेहूब यशासारखं दिसतं! म्हणून कुठलीही प्रक्रिया न लावता तीच फाईल त्याच मार्गाने एकदा नुसती आत-बाहेर करून ऐकावी. माझ्या मते सगळ्या तपासण्यांत ही पहिली, आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी.

शांतता मिळाली तर? सीसाउंडमध्ये वर्षानुवर्षं पूर्ण पातळी मुळात ३२,७६८ धरलेली असायची. ती १ वर न आणता कुणी ०.५ असं लिहिलं, तर आवाज असतो पण ऐकू येत नाही. उलट केलं तर हेडफोन काढायलाही वेळ मिळत नाही. प्रतिध्वनीच्या फेऱ्यात एखादा अर्थहीन आकडा, उदाहरणार्थ शून्याला शून्याने भागल्याचा, शिरला तर तो प्रत्येक फेरीत परत येतो आणि पुढचं सगळं गिळतो. तिथे फाईल निर्दोष असते.

आणि एक लांबीचा घोटाळा. वेव्हमध्ये आकारासाठी ३२ बिट, म्हणजे मर्यादा चार जीबीची. पॉल नास्का यांच्या ‘पॉलस्ट्रेच’सारख्या साधनाने पाच मिनिटांचं गाणं पन्नासपट ताणून २४ बिट, ४८,००० च्या स्टिरिओत लिहायला गेलं की ती ओलांडलीच. काही प्रोग्राममध्ये आकडा तिथे पुन्हा शून्यापासून मोजला जातो, आणि चार तासांहून मोठी फाईल दीड मिनिटाची असल्याचं हेडर सांगतं. घाबरून ती पुसू नये. ऑडॅसिटीत ती कच्ची माहिती म्हणून उघडावी, पहिले ४४ बाइट वगळावेत, चॅनेल, बिट आणि रेट स्वतः भरावेत. पुढच्या खेपेला युरोपीय प्रसारण संघाचं आरएफ६४ निवडावं. पण ते आपल्या प्रोग्रामला वाचता येतं का, हे ताणायला सुरुवात करण्याआधी पाहावं.