गाडी जुनी, रंग कोणता?

आजोबांची पद्मिनी किंवा काकांची अँबेसेडर घरच्या अंगणातच रंगवायची ठरवलीत? झकास! पण शेड कार्ड उघडण्याआधी एक चिंधी एनसी थिनरमध्ये बुडवा आणि डिकीच्या आतल्या एखाद्या कोपऱ्यात हलकेच घासा. चिंधीला रंग लागला, तर गाडीवर एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज, किंवा त्याचा भाऊबंद ॲक्रिलिक लॅकर आहे. रंग सुरकुतला, फुगला, तर बहुधा सिंथेटिक इनॅमल. काहीच झालं नाही, तर हार्डनर घालून मारलेला पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, किंवा कारखान्याच्या भट्टीत भाजलेला रंग. ही चाचणी टाळून सिंथेटिकवर एनसी मारलात, तर त्याचं जहाल थिनर खालचा थर उचकटतं आणि अख्खं बॉनेट सुरकुत्यांनी भरतं.

स्फोटकाच्या घराण्यातला रंग

नायट्रोसेल्युलोज म्हणजे १८४६ पासून माहीत असलेल्या गनकॉटन या स्फोटकाचं सौम्य रूप. नायट्रोजन थोडा कमी, बाकी घराणं तेच. जुन्या सिनेमांची रिळं याचीच, आणि २०१४ पर्यंत मोठ्या स्पर्धांमधले टेबल टेनिसचे चेंडूही याच्यापासूनच होत. म्हणून एनसी फवारताना जवळपास गॅसची शेगडी, गिझर, देवापुढचं निरांजन, उदबत्ती, काही म्हणजे काही पेटलेलं नको. कॉम्प्रेसरही जरा लांबच ठेवा.

इतकं असूनही घरी रंगवणाऱ्यांसाठी माझं पहिलं मत एनसीलाच. तो नुसता थिनर उडून वाळतो, रासायनिक बदल काही होत नाही. त्यामुळे कितीही वर्षांनी थिनर लागलं की तो पुन्हा विरघळतो आणि नवा हात जुन्या हातात मुरून एकजीव होतो. ओघळ आला? डास चिकटला? वाळू द्या, वॉटर पेपरने घासा, पुन्हा फवारा. नवशिक्याला इतकी मोकळीक दुसरा कुठलाच रंग देत नाही. बदल्यात घाम मागतो. स्प्रे गनमधून तो काहीसा मंदच उतरतो, आरशासारखी तकाकी रबिंग कंपाउंड घेऊन हातानेच काढावी लागते. ती तकाकी मऊ आणि खोल असते, जुन्या गाडीला शोभून दिसते.

आठवडे गेले, तास आले

१९२० च्या सुमारास मोटारी घोडागाड्यांसारख्याच ब्रशने रंगवत. हातावर हात, वरून व्हार्निश, आणि वाळण्यात आठवडे जात. १९२३ मध्ये ड्युपाँट कंपनीने नायट्रोसेल्युलोजचा ड्यूको आणला. आपल्या फर्निचरवाल्यांच्या तोंडी आजही आहे, तोच हा. जनरल मोटर्सने १९२४ च्या ओकलंड मोटारीला त्याची निळी छटा चढवली आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. फोर्डची मॉडेल टी मात्र १९१४ पासून दहा वर्षांहून अधिक काळ फक्त काळीच मिळायची. गंमत म्हणजे सुरुवातीच्या वर्षांत तीच गाडी राखाडी, हिरवी, निळी आणि लालही मिळत असे!

काळी गाडी दुधाळ का होते?

पावसाळ्यामुळे. एनसीचं थिनर उडताना पत्रा गार पडतो, दमट हवेतलं पाणी ओल्या रंगावर साचतं आणि त्यावर पांढुरकी झाक येते. रिटार्डर म्हणून सावकाश उडणारं थिनर मिळतं, त्याने थोडं निभावतं. तरी मुंबईत आणि कोकणात जून ते सप्टेंबर गन कपाटात ठेवलेली बरी.

लष्कराचा हिरवा लष्करालाच

सिंथेटिक इनॅमल हवेतला ऑक्सिजन घेऊन कडक होतो. स्वस्त, थेट चमकदार, जीप-ट्रॅक्टरवाल्यांचा लाडका. पण तो तासन्‌तास ओला राहतो, तेवढ्यात अंगणातली सगळी धूळ त्यावर बसते. जीप रंगवणार असाल तर ऑलिव्ह ग्रीनचा मोह आवरा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२१ वा नियम सांगतो, की हा रंग संरक्षण खात्याच्या वाहनांशिवाय कुणालाही मारता येत नाही. दुसरा कुठला नवा रंग दिलात, तर आरटीओत जाऊन आरसीवर त्याची नोंद करून घ्या.

चमक कारखान्याची, धोका फुप्फुसाचा

जर्मनीत ऑटो बायर यांनी १९३७ मध्ये पॉलियुरेथेनचं रसायन शोधलं, त्याच घराण्यातला आजचा टू-के, म्हणजे दोन भागांचा, पीयू. हार्डनर मिसळला की रंग डब्यातच घट्ट व्हायला लागतो, आणि एकदा कडक झाला की पेट्रोल सांडलं तरी डगमगत नाही. दिसायलाही देखणा. पण हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. धोक्याच्या पातळीला पोहोचले तरी त्यांचा वास येईलच असं नाही, आणि एकदा शरीराने त्यांचा धसका घेतला की पुढे किंचित संपर्कानेही दम्याचा झटका येऊ शकतो. फवारताना साधा कापडी मास्क तर नाहीच, कोळशाच्या फिल्टरच्या मास्कवरही भरवसा ठेवू नये. नळीवाटे बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. तो नसेल तर घासणं, पुट्टी, प्रायमर घरी करा आणि पीयूचा हात बूथ असलेल्या गॅरेजमध्ये मारून घ्या. घरात मुलं असतील, शेजार भिंतीला भिंत लागून असेल, तर याबाबतीत मी तडजोड मुळीच सुचवणार नाही.

जाता जाता

युरोपीय संघाने २००४ च्या निर्देशात रंगांमधल्या उडून जाणाऱ्या द्रावकांवर मर्यादा घातल्या, पण ऐतिहासिक मोलाच्या जुन्या गाड्यांसाठी मर्यादेबाहेरचे रंग थोड्या प्रमाणात विकायला परवाना देण्याची वाट खुली ठेवली.

फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवा. जिथे ते चिकटेनासं होतं, तिथे आधीच्या मालकाने पुट्टीचे थर चढवलेत.

सिलिकॉनवालं पॉलिश कधी मारलं असेल, तर ताज्या रंगात माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात. घासण्याच्या आधीच गाडी ग्रीस-रिमूव्हरने पुसा, नाहीतर घासताना सिलिकॉन आणखी पसरतं.

मूळ छटा हवी असेल तर ती डॅशबोर्डच्या मागे किंवा दाराच्या रबराखाली शोधा, तिथे ऊन पोचलेलं नसतं. आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळलेली शेड उन्हात वेगळी दिसू शकते, म्हणून नमुन्याचा पत्रा घेऊन भर दुपारी दुकानाबाहेर या आणि मगच डबा बांधायला सांगा.