डफरीनच्या दारात आलेली जोखीम

बाळंतपणं दवाखान्यात व्हावीत म्हणून आलेल्या जननी सुरक्षा योजनेला एप्रिल 2025 मध्ये 20 वर्षं झाली. अशा वेळी आकडे मिरवले जातात, आणि हे आकडे मिरवण्यासारखेच आहेत. महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे 2004-06 मध्ये 130 माता दगावत होत्या, 2018-20 मध्ये 33. पण त्या बायकांची जोखीम ज्यांनी अंगावर घेतली, त्या डॉक्टरांचं काय झालं, याचा रकाना या हिशेबात कधीच नव्हता. योजनेआधीच्या काळावर फार वेळ घालवायला नको. मेळघाटातली बाळंतपणं घरीच व्हायची, 1993 पासून तिथले बालमृत्यू गाजू लागले आणि पुढाऱ्यांचे दौरे झाले. खरा बदल 2005 ते 2015 या दशकातला. आशाताई आल्या, 2011 मध्ये सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण मोफत झालं, 2014 मध्ये 108 क्रमांकाची रुग्णवाहिका धावू लागली. बाई दवाखान्यात पोहोचली, पण धोका वाटेत कुठे उतरला नाही. मेळघाटातल्या धारणीहून सेमाडोह, परतवाडा करत घाट उतरून तो अमरावतीच्या डफरीन या सरकारी स्त्री रुग्णालयात आला, वाशीम-बुलडाण्याकडून अकोल्याच्या लेडी हार्डिंग स्त्री रुग्णालयात.

हा धोका म्हणजे नेमकं काय? झटके येत असलेली बाई टेबलावर आहे. मॅग्नेशियम सल्फेट कमी पडलं तर झटका पुन्हा येणार, जास्त झालं तर श्वास थांबणार. म्हणून दर चार तासांनी, पुढच्या डोसआधी, गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का ते बघायचं, श्वास मोजायचे, लघवी किती उतरली ते पाहायचं आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवायचं. तेवढ्यात शेजारच्या टेबलावर रक्तस्राव सुरू झालेला असतो. अकोल्याला 2002 मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिळालं, अमरावतीला थेट 2024 मध्ये. मधली सगळी वर्षं डफरीनला सरकारी महाविद्यालयाच्या निवासी डॉक्टरांचा आधार नव्हता. तरी माझं म्हणणं असं की माणूस या कष्टानं मोडत नाही. मरायला टेकलेली बाई आणि तिचं बाळ दोघं सुखरूप घरी जातात, हे समाधान फार थोड्या पेशांच्या वाट्याला येतं. डॉक्टर मोडतो तो सरकारदरबारी फक्त अपयशाची नोंद होते म्हणून. मातामृत्यू अन्वेषण 2010 मध्ये आलं आणि प्रत्येक मृत्यू जिल्हा समितीपुढे जाऊ लागला. मरता मरता वाचलेल्या मातांचा आढावा घेण्याच्या केंद्राच्या सूचना निघायला 2014 चा डिसेंबर उजाडला, आणि त्यांची सुरुवात वैद्यकीय महाविद्यालयांपासून करायची होती. डफरीनच्या मागे तसं महाविद्यालयच नव्हतं!

यावर कोणी म्हणेल, ज्या घरातली लेक गेली त्यांच्यापुढे डॉक्टरांच्या मनाचं काय घेऊन बसलात? चौकशी हवीच, मृत्युदर उतरण्यात तिचाही वाटा आहे. पण कागदावर तिचा हेतू चुका सुधारण्याचा होता, दोषी धरण्याचा नव्हता. खाली उतरेपर्यंत तिचं खुलासा मागण्याचं सत्र झालं. दुसरा आक्षेप खासगी डॉक्टरांवरचा, की ते गरज नसताना सिझर करून पैसा काढतात. काही ठिकाणी ते खरंही आहे. पण सिझरमागे लोभ असतो तशी भीतीही असते. मार्च 2022 मध्ये राजस्थानातल्या दौसात प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावानं एक बाई गेली. पोलिसांनी डॉक्टरवर थेट खुनाचा गुन्हा नोंदवला आणि त्या डॉक्टरनं जीव दिला. वास्तविक स्वतंत्र वैद्यकीय मत घेतल्याशिवाय डॉक्टरवर पुढची कारवाई करू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं 2005 मध्येच बजावलं होतं. दौसातल्या त्या घटनेनंतर परतवाड्याच्या किंवा मूर्तिजापूरच्या छोट्या नर्सिंग होमनं अवघड केस हातात का घ्यावी? ‘पुढं घेऊन जा’ म्हणणं सगळ्यात सोपं, आणि पुढं म्हणजे पुन्हा डफरीनच.

आता अमरावतीसोबत वाशीम आणि बुलडाण्यालाही महाविद्यालयं आली. जागा वाढतील, हात वाढतील. पण धारणीहून बाईसोबत जी चिठ्ठी निघते, तिचं उत्तर परत पाठवायचं काम कोणाचं? रात्रभर जिला सांभाळून गाडीत घातलं, ती जगली की गेली, हे पाठवणाऱ्या डॉक्टरला बहुतेक वेळा तिच्या गावची आशाताईच सांगते. वरून आकडे मागवायला मात्र व्हॉट्सअॅपचे गट अहोरात्र जागे असतात.