लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे

लोणारच्या काठावर उभं राहा आणि त्या विवराची एक कड मनातल्या मनात फोडून आत समुद्र येऊ द्या. न्यूझीलंडचं लिटलटन बंदर साधारण असंच घडलंय! लोणार उल्केच्या आघातानं झालं, लिटलटन विझलेल्या ज्वालामुखीतून. पण दगड दोन्हीकडे काळा बेसाल्टच. क्राइस्टचर्च शहराची बोटीनं होणारी मालवाहतूक या बुडालेल्या ज्वालामुखीतून चालते.

2009 साली इथे एक 56 फुटी शिडाची बोट आली. बोटीवर माणूस एकच, भारतीय नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे. बोट होती ‘म्हादेई’, गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली. 19 ऑगस्ट 2009 ला मुंबई सोडलेले दोंदे मे 2010 मध्ये परतले, ते शिडाच्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय म्हणून. वाटेत थांबे चारच: फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केपटाउन.

अशा सफरीत सगळ्यात अवघड काय असेल? आपण म्हणू, वादळं. मला मात्र बंदरात शिरणं जास्त थक्क करतं. भर समुद्रात धडकायला फारसं काही नसतं. सुकाणू यंत्रावर सोपवून तुकड्यातुकड्यानं झोपता येतं. किनारा जवळ आला की झोप संपली. खडक, उथळ पाणी, भरती-ओहोटीचा ओढा आणि समोरून येणारं अवाढव्य मालवाहू जहाज, ज्याला थांबायलाच किलोमीटरच्या हिशेबात अंतर लागतं. म्हणून आंतरराष्ट्रीय नियमच आहे: अरुंद जलमार्गात 20 मीटरहून लहान बोटीनं मोठ्या जहाजाची वाट अडवायची नाही. म्हादेई सुमारे 17 मीटरची. शिडं उतरवणं, सुकाणू धरणं, रेडिओवर बंदराच्या नियंत्रण कक्षाशी बोलणं, दोर तयार ठेवणं, सगळं दोनच हातांनी.

आणि वाट? ती पाण्यावर तरंगणारे बोये सांगतात. समुद्रातून आत येताना लाल बोया डाव्या हाताला ठेवायचा, हिरवा उजव्या हाताला. उन्हाच्या तिरिपीत रंग कळेना? लाल बोया वरून सपाट असतो, हिरवा निमुळता, म्हणजे नुसत्या आकारावरून ओळखता येतो. रात्री प्रत्येक दिव्याची उघडझाप ठरलेली. घड्याळ धरून सेकंद मोजा, नकाशाशी ताडा, दिवा आपलं नाव सांगतो!

त्याहून सुंदर युक्ती म्हणजे एकामागे एक उभे केलेले दोन दिवे, मागचा उंच, पुढचा ठेंगणा. दोन्ही एका उभ्या रेषेत दिसले की तुम्ही बरोबर वाटेवर. पुढचा दिवा उजवीकडे सरकलेला दिसला? मग तुम्ही डावीकडे भरकटलात, उजवीकडे वळा. ना उपग्रह, ना पडदा. नुसती भूमिती!

पण ही समान भाषा फार जुनी नाही. वऱ्हाडचा कापूस मुंबईहून लिव्हरपूलला जायचा, त्या काळातच नव्हे, तर थेट 1970 च्या दशकापर्यंत जगात खुणांच्या तीसहून जास्त पद्धती होत्या. जानेवारी 1971 मध्ये डोव्हरच्या सामुद्रधुनीत ‘टेक्साको कॅरिबियन’ हे तेलवाहू जहाज टक्कर होऊन बुडालं. दुसऱ्याच दिवशी ‘ब्रँडेनबर्ग’ त्याच्या अवशेषांवर आदळलं. मग तिथे खुणा लावल्या, तरीही फेब्रुवारीत ‘निकी’ तिथेच गेलं. 51 माणसं दगावली. त्यानंतर देश एकत्र बसले आणि 1980 मध्ये साऱ्या जगासाठी एकच पद्धत ठरली. अगदी एकच? दोन्ही अमेरिका, जपान, कोरिया आणि फिलिपिन्स लाल उजवीकडे ठेवण्यावर ठाम राहिले. तिथे जाणाऱ्यानं डावं-उजवं उलटं करून घ्यायचं.

परदेशी धक्क्याला लागण्याआधी एक काम उरतंच: साधा पिवळा झेंडा चढवायचा. बोटीवर कुणी आजारी नाही, उतरायची परवानगी द्या, असा त्याचा अर्थ. अधिकारी येऊन कागद तपासतात, शिक्का मारतात. मग पिवळा उतरतो आणि यजमान देशाचा झेंडा वर जातो.